आमरीचा संकर ओळखायचा कसा आणि त्याला नाव द्यायचं कसं: खानदेशातल्या नवख्यांसाठी

दर पावसाळ्यात माझ्या मोबाइलवर असे पाच-सात तरी फोटो येतात. तोरणमाळच्या घाटात, पालच्या जंगलात किंवा पाटणादेवीच्या वाटेवर कुणाला तरी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसलेली असते. फूल पुस्तकातल्या चित्राशी जुळत नसतं आणि खाली प्रश्न असतो, "हे हायब्रिड आहे का?" माझं उत्तर बहुतेक वेळा "बहुधा नाही" असंच असतं. विचारणाऱ्याचा हिरमोड होतो, मलाही वाईट वाटतं. पण संकर म्हणजे दोन जातींचं लेकरू. ज्याला दोन्ही घरची माणसं चेहऱ्याने ओळखता येत नाहीत, त्याने लेकरू कुणावर गेलंय हे सांगू नये.

म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा वाटेल. ज्यासाठी तुम्ही वाचायला घेतला तो संकर बराच खाली भेटेल आणि त्याचं नाव तर अगदी शेवटाकडे.

आधी एक फूल उघडून बघा

थोडं 'आमरी' या नावाबद्दल. हा शब्द आता छापील मराठीत रुळलाय, पण गावात कुणाला "इथे आमरी कुठे आहे?" विचारलंत तर तो बुचकळ्यात पडेल. यावल तालुक्यातल्या एका शेतात मी आंब्यावरची वांदा नावाची आमरी बघत उभा होतो. शेतमालक आप्पा आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हाई बांडगूय शे भाऊ, झाड खाई टाकस." विळा आणायला ते निघालेच होते. मी त्यांना फांदीजवळ नेऊन मुळं दाखवली. खरं बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवतं आणि झाडाचा रस ओढतं, वांदा नुसती सालीला धरून बसते. तिची जाड, राखाडी-पांढरी मुळं बाहेर हवेत लोंबतात. त्यांच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं की डोळ्यांदेखत हिरवी होतात, कारण बाहेरचा स्पंजासारखा थर पाणी पितो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. आप्पांनी स्वतः आणखी थोडं पाणी ओतून खात्री करून घेतली. झाड वाचलं.

गंमत अशी की 'वांदा' हे नाव आपल्याच मातीतलं आहे. झाडावर वाढणाऱ्या अशा वनस्पतींना संस्कृतात 'वन्दा' म्हणत, मराठीतला 'बांदा' त्याच कुळातला. विल्यम जोन्स यांनी तो शब्द उचलला आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउन यांनी त्यावरून वांदा ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) रीतसर मांडली. खानदेशातल्या नवख्याने सुरुवात या झाडापासूनच करावी. वांदा टेसेलाटा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत फुलते, आंबा-मोहाच्या फांद्यांवर गावाजवळही भेटते आणि फूल चांगलं मोठं, चार-पाच सेंटिमीटरचं असतं.

झाडाखाली गळलेलं एखादं ताजं फूल उचला. बाहेरची तीन निदलं, आतल्या दोन पाकळ्या आणि तिसरी पाकळी वेगळीच, तिला ओठ म्हणतात. फुलावर येणारा किडा या ओठावर उतरतो. फुलाच्या मधोमध एक बुटका दांडा दिसेल, तो स्तंभ. साध्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे असतात, आमरीत ते जुळून हा एकच दांडा होतो. आता पेन्सिलीचं टोक स्तंभाच्या तोंडाशी हलकेच लावून वर उचला. टोपी उडते आणि टोकाला पिवळ्या गोळ्यांची जोडी चिकटून बाहेर येते. हे परागपुंज. जास्वंदीसारखी परागांची भुकटी इथे नसते, सगळा माल एका गाठोड्यात बांधलेला असतो. ते गाठोडं किड्याच्या अंगावर ज्या जागी चिकटतं ती जागा, त्याच्या पाठीवर की डोळ्यावर की सोंडेवर, जातीजातीला वेगळी असते. दोन जातींची सोयरीक जुळणार की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरतं.

ओठाच्या मागे अनेक आमरींना शेपटीसारखी पोकळ नळी असते. तिला शुंडिका म्हणतात. वांदाची आखूड आणि बोथट असते. जमिनीवरच्या हॅबेनारियात मात्र ती सुतळीसारखी लांबते आणि तिच्या तळाशी मध असतो. या नळीची लांबी पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

कधी जायचं, कुठे जायचं

झाडावरच्या आमरींसाठी मे-जून, जमिनीवरच्यांसाठी जून ते सप्टेंबर. पहिल्या दोन-तीन सरी झाल्या की नर्व्हिलिया वर येते. तिचं आधी नुसतं फूल दिसतं, फूल संपल्यावर पान निघतं. एकाच जागी जूनमध्ये पान नसलेलं फूल आणि ऑगस्टमध्ये फूल नसलेलं पान बघून ही दोन वेगळी झाडं समजणारे मी बरेच पाहिलेत, मीही त्यातलाच होतो. जुलैत हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, जमिनीला चिकटलेलं पान आणि वर पांढरी फुलं. श्रावण-भाद्रपदात बाकीच्या हॅबेनारिया. त्याच सुमारास गवताळ उतारांवर नशिबात असेल तर वाघचौरा, पेक्टिलिस गिगांटिया. त्याच्या झालरीच्या मोठ्या पांढऱ्या फुलांना सुगंध असतो.

जागा म्हणाल तर सातपुड्यात तोरणमाळ पहिलं. सुमारे ११५० मीटर उंची, धुकं आणि गवताळ कडे. शहाद्याहून सकाळी निघालात तर दिवस पुरतो. जळगावकरांना पाल आणि यावल अभयारण्य जवळ. चाळीसगावकडच्यांनी पाटणादेवी बघावी, गौताळ्याचं जंगल तिथूनच सुरू होतं. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातही मोठे जुने आंबे उरलेत, त्यांच्याकडे मान वर करून बघायची सवय लावा.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडू नका. सोबत गावातला कुणी पावरा, भिल्ल किंवा तडवी दादा असेल तर एका दिवसात तुम्हाला दहा पावसाळ्यांचं दिसेल. त्याला त्याची मजुरी द्या. त्याच्या गावात त्या झाडाला काय म्हणतात ते विचारून वहीत लिहा, त्याच्या उच्चारात.

सोबत काय घ्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, शिसपेन्सिल आणि जाड वही. पेनची शाई पावसात पसरते. हातरुमालाएवढं काळं कापड घ्या, फोटो काढताना फुलामागे धरायला. पांढरं फूल हिरव्या गवतावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग होतं, काळ्या कापडापुढे त्याचा ओठ दाता-दातासह दिसतो. बाकी भाकरी-चटणी आणि रेनकोट हे तुम्हाला सांगायला नको.

आई-बाप पाठ करा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. एक पावसाळा फक्त दोन जातींना द्या. मी हॅबेनारियातली एक जोडी सुचवतो, कारण चूक नेमकी कुठे होते ते तिथे छान कळतं. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा आणि हॅबेनारिया प्लांटाजिनिया. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींची पानं बुडाशी. पहिलीच्या नावातच 'लांब शिंगाची' असा अर्थ आहे. तिची शुंडिका बोटापेक्षा लांब, दोऱ्यासारखी खाली लोंबते. दुसरीची बरीच आखूड.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी तोरणमाळला एका उतारावर मला लांब शुंडिकेची झाडं मिळाली, आखूड शुंडिकेची मिळाली आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात मधल्या लांबीची चार झाडं मिळाली. मी तिथल्या तिथे ठरवलं, संकर! मित्रांना फोटो पाठवले, चहावर चर्चा झाल्या, एकाने तर नावही सुचवलं, गावाच्या नावावरून. पुढच्या श्रावणात पट्टी घेऊन परत गेलो. लांब शुंडिकेचं एक झाड धरलं आणि दांड्यावरचं प्रत्येक फूल मोजलं. सर्वांत खालच्या फुलाची शुंडिका सर्वांत लांब, वर जावं तशी आखूड, आणि अर्धवट उमललेल्या शेंड्याच्या फुलाची तर निम्मीच. आदल्या वर्षी मी त्या मधल्या चार झाडांची वरची फुलं मोजली होती, कारण खालची पावसाने झडून गेली होती. चारही झाडं शुद्ध लाँगिकॉर्निक्युलाटा निघाली. चहाचे पैसे मला द्यावे लागले.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. फूल मोजायचं ते खालून तिसरं, पूर्ण उमललेलं. ते नसेल तर त्या झाडाचं माप घ्यायचंच नाही. प्रत्येक जातीची किमान दहा झाडं, शक्यतो दोन वेगळ्या जागांवरची. वहीत रकाने पाडा: झाडाची उंची, पानांची संख्या, सर्वांत मोठ्या पानाची लांबी-रुंदी, फुलांची संख्या, शुंडिकेची लांबी, ओठाच्या मधल्या फाट्याची आणि बाजूच्या फाट्यांची लांबी-रुंदी. प्रत्येक रकान्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं माप अधोरेखित करा. या दोन आकड्यांच्या मध्ये जे बसतं ते त्या जातीचं घर. ते घर तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच ऐसपैस निघेल.

वांदा टेसेलाटाचंच बघा. एका आंब्यावरची फुलं पिवळट हिरवी, दुसऱ्यावरची तपकिरी, जाळी कुठे ठळक कुठे पुसट, ओठ कुठे जांभळा तर कुठे गुलाबीकडे झुकलेला. हे सगळं एकाच जातीत चालतं. रंगावरून संकर ठरवणं म्हणजे कपड्यावरून नातं ठरवण्यासारखं आहे. नळीची लांबी, ओठाचे फाटे, परागपुंजाची ठेवण, स्तंभाचा आकार, यांच्यावर भरवसा ठेवा.

संशय कधी घ्यायचा

तुमची दोन जातींची वही तयार आहे आणि एक झाड दोन्ही घरांत बसत नाही. आता स्वतःला प्रश्न विचारा.

दोन्ही जाती जवळपास आहेत का? जवळपास म्हणजे फुलावर येणारा किडा एका फेरीत दोन्हीकडे जाईल इतक्या. एक पालक समोर आणि दुसरा थेट महाबळेश्वरला, असं असेल तर संशय तिथेच सोडा. दोन्हींचा बहर एकाच वेळी येतो का? एकीचा जूनमध्ये संपतो आणि दुसरीचा ऑगस्टमध्ये सुरू होतो, तर त्यांचा मुहूर्तच कधी जुळत नाही. दोघींना एकच किडा चालतो का? लांब नळीच्या पांढऱ्या फुलावर रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, आखूड नळीवर वेगळे पाहुणे असू शकतात. संध्याकाळी अंधार पडताना टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावून तासभर बसा. किडे येवोत न येवोत, डास येतीलच.

मग झाडाकडे वळा. मधलेपणा एकाच गुणात आहे की अनेक गुणांत? खरा संकर नळीत मधला, ओठात मधला, पानात मधला असा बऱ्याच ठिकाणी मधला असतो. फक्त रंगच वेगळा असलेलं झाड संकर नसतं. आणि जागा बघा. नवा रस्ता काढलेला उतार, साग तोडून मोकळा झालेला तुकडा, जुन्या पाझर तलावाचा बांध, अशा मोडलेल्या जागी दोन वेगळ्या वस्त्यांतल्या जाती शेजारी येतात आणि त्यांच्या लेकरांनाही रुजायला मोकळी जागा मिळते. अखंड जंगलात ती दोन्हीकडची जागा आधीच भरलेली असते.

आमरींमध्ये संकर होतो तो का, हेही इथेच सांगून टाकतो. परागपुंजाच्या एका गाठोड्यातून एका शेंगेत हजारो बिया होतात. त्या धुळीसारख्या बारीक असतात, त्यांच्यात पोटाला अन्न नसतं, मातीतल्या किंवा सालीतल्या बुरशीच्या मदतीने त्या रुजतात. किड्याने एकदा घर चुकवलं तरी हजार बिया निघतात आणि त्यातली एखादी रुजते. बऱ्याच जातींत रक्ताने भांडण नसतंच, त्यांना वेगळं ठेवतो तो किडा, मुहूर्त आणि अंतर. बागेत माणसाने हे तिन्ही अडसर काढले तेव्हा काय झालं ते आकड्यांत दिसतं: लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत माणसाने केलेल्या आमरी-संकरांची नावं एक लाखाच्या वर गेली आहेत. पहिला असा संकर, कॅलॅन्थीचा, इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी यांच्या हातून १८५६ साली फुलला. जंगलात मात्र अडसर जागेवर असतात, म्हणून तिथला संकर दुर्मिळ.

जे संकर वाटतं पण नसतं

सावलीतलं झाड उंच, किरकोळ, पानं रुंद आणि फुलं थोडी असं होतं. उन्हातलं त्याचंच भावंड ठेंगणं आणि गच्च. पहिल्या वर्षी फुललेलं झाड लहान फुलं देतं. कधी रंगद्रव्यच तयार होत नाही आणि जांभळ्या ओठाची जात पांढरी किंवा हिरवट येते. कधी फुलाच्या बाजूच्या पाकळ्याही ओठासारख्या होतात आणि एका फुलाला तीन ओठ दिसतात. हे बघून कुणीही चकित होईल, पण तो त्या फुलाचा घडणीतला फरक आहे, दुसऱ्या जातीचा त्यात वाटा नाही. आणि किडा येऊन गेला की काही तासांत-दिवसांत फुलाचा रंग उडू लागतो, वांदाच्या कुळात तर हे ठळक दिसतं. तुम्ही कालचं आणि आजचं फूल शेजारी ठेवून दोन जाती समजाल.

पुस्तकं बदलतात हाही एक सापळा. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ऐका: १८९३ साली अ‍ॅग्नेस जोआकिम यांच्या बागेत सापडलं, 'वांदा मिस जोआकिम' म्हणून प्रसिद्ध झालं, १९८१ साली राष्ट्रीय फूल झालं. त्याचे दोन्ही पालक पुढे वांदातून काढून पॅपिलिओनँथी या प्रजातीत ठेवले गेले, त्यामुळे तेही आता पॅपिलिओनँथी मिस जोआकिम आहे. जुन्या आणि नव्या पुस्तकात एकाच झाडाची दोन नावं बघून "ह्या दोन वेगळ्या जाती आणि माझं झाड त्यांच्या मधलं" असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत.

गुण देऊन बघा

संशय टिकला तर कागद काढा. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी १९३०च्या दशकात एक सोपी रीत बसवली, ती शाळकरी पोरालाही जमते. समजा, क आणि ख या दोन जाती. सहा गुण निवडा. प्रत्येक गुणात झाड क सारखं असेल तर ०, ख सारखं असेल तर २, मधलं असेल तर १. शुद्ध क ची बेरीज शून्याच्या आसपास येईल, शुद्ध ख ची बाराच्या आसपास. आता उतारावरच्या सगळ्या झाडांना गुण द्या, संशयित तेवढ्यांना नको, सगळ्यांना. आलेख कागदावर खाली ० ते १२ आकडे लिहा आणि प्रत्येक झाडासाठी एक चौकोन भरा.

दोन ढीग झाले आणि मध्ये काहीच नाही, तर संकर नाही. दोन ढीग आणि ५-६-७ वर दोन-चार चौकोन, तर लक्ष द्या. दोन ढिगांच्या मध्ये सगळीकडे चौकोन सांडलेले असतील तर संकराची लेकरं पुन्हा आई-बापांपैकी कुणाशी तरी जुळत असावीत. एकच रुंद ढीग झाला तर तुम्ही ज्यांना दोन जाती समजत होतात ती बहुधा एकच जात आहे. हा चौथा निकाल लागला की माणूस सर्वांत जास्त खट्टू होतो, पण मला तोच आवडतो.

आता नाव

जंगलातल्या संकराला नाव देण्याचे नियम शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेत आहेत. तिथे संकरांसाठी वेगळं प्रकरणच आहे. दर काही वर्षांनी भरणाऱ्या वनस्पतिशास्त्र परिषदेत संहिता सुधारली जाते, २०१७ ची परिषद शेन्झेनला झाली आणि २०२४ ची माद्रिदला.

तुम्हाला लागणारं नव्वद टक्के काम एका ओळीत होतं. दोन पालकांची नावं लिहा आणि मध्ये × हे गुणाकाराचं चिन्ह घाला: हॅबेनारिया क × हॅबेनारिया ख. याला सूत्र म्हणतात. नावं साधारणपणे रोमन वर्णानुक्रमाने लावतात. आई कोण ते खात्रीने माहीत असेल तर ♀ आणि ♂ ही चिन्हं जोडा किंवा आईचं नाव आधी लिहा आणि तसं लिहिल्याचं सांगा. सूत्र कुणाला विचारून लिहावं लागत नाही, छापावं लागत नाही आणि उद्या चूक निघाली तर खोडता येतं. शिवाय वाचणाऱ्याला दोन्ही पालक लगेच कळतात. संहितासुद्धा नव्या नावाची गरज आहे का ते नीट तपासा असंच सुचवते.

स्वतंत्र नाव द्यायचंच झालं तर संकराच्या जातिनामाआधी × येतं. सिक्कीममधली सिंबिडियम × गॅमिएनम हे आपल्या देशातलं उदाहरण, ती सिंबिडियम एलेगन्स आणि सिंबिडियम एरिथ्रियम यांचा संकर मानली जाते. दोन वेगळ्या प्रजातींचा संकर असेल तर दोन्ही प्रजातिनामांचे तुकडे जोडून नवं प्रजातिनाम करतात आणि × त्याच्या आधी येतं. एक गोष्ट नवखे हमखास विसरतात: एका जोडीच्या संकराला एकच बरोबर नाव असतं. पहिली पिढी, दुसरी पिढी, आईशी पुन्हा जुळलेली पिढी, सगळी त्याच नावाखाली येतात. तुमचं झाड जरा जास्त गुलाबी आहे म्हणून त्याला नवं नाव मिळत नाही. नवं नाव रीतसर व्हायला वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत हवं आणि नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा असला पाहिजे. हे काम कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या जाणत्या माणसाला धरूनच करा.

बागेतल्या संकराचा नियम वेगळा. त्याला लॅटिन नाव लागत नाही, मिस जोआकिमसारखं साधं नाव चालतं आणि ते लंडनच्या त्या नोंदवहीत जातं. जंगलातल्या झाडाला असं आवडतं नाव देऊ नका. मराठी नाव मात्र जरूर सुचवा, पण आधी गावात काय म्हणतात ते विचारा. तिथे चांगलं नाव असताना आपण शहरातून नवं घेऊन जाण्यात अर्थ नाही.

पुरावा कशाने होतो

संकर सिद्ध करण्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट फिलिपिन्सची आहे. लंडनच्या जॉन लिंडली यांनी १८५३ साली तिथल्या फॅलिनॉप्सिस या प्रजातीतल्या एका आमरीला 'इंटरमीडिया' म्हणजे 'मधली' असं नाव दिलं आणि ती दोन जातींचा संकर असावी असा तर्क केला. पुढे व्हीच नर्सरीत जॉन सीडन यांनी त्याच दोन जाती, फॅलिनॉप्सिस अ‍ॅफ्रोडाइटी आणि फॅलिनॉप्सिस इक्वेस्ट्रिस, हाताने जुळवल्या. बी रुजवलं, वाढवलं, वाट बघितली. १८८६ साली रोप फुललं आणि लिंडली बरोबर ठरले. तर्क ते पुरावा, तेहतीस वर्षं. तुम्हाला दोन पावसाळे थांबावं लागलं तर कुरकुर करू नका.

आज डीएनए तपासता येतो. पेशीच्या केंद्रकातल्या भागात दोन्ही पालकांच्या खुणा सापडतात, हरितलवकाचा डीएनए आमरींत बहुधा आईकडून येतो. दोन्ही तपासले की संकर आहे का आणि आई कोण, हे एकदम कळतं. त्यासाठी पानाचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलच्या कोरड्या पुडीत पुरतो. अर्थात तो तुकडा कुणी, कुठून आणि कुठल्या परवानगीने घेतला, हे आधी बघावं लागतं. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय कार्यालय, मुंबईतलं सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, अशा ठिकाणी जुने वाळवलेले नमुने आणि ते वाचता येणारी माणसं असतात. जाताना वही आणि आलेख घेऊन जा, नुसता मोबाइल घेऊन गेलात तर संभाषण पाच मिनिटांत संपेल.

खणू नका, जागा सांगू नका

हे वेगळं लिहावं लागतं याची खंत आहे. आमरकंद म्हणून युलोफियाचे कंद खणले जातात, आणि "दुर्मिळ" हा शब्द फोटोखाली दिसला की रोपं विकणाऱ्यांचे कान टवकारतात. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट १९८६ पासून. तिथून झाड, कंद किंवा शेंग उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. देशाबाहेरच्या व्यापारावर साइटिस करार आहे, त्यात आमरींचं सगळं कूळच येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी खणलेली जंगली हॅबेनारिया कुंडीत जगत नाही, तिची बुरशी मागे राहिलेली असते. दोन पावसाळे केविलवाणी उभी राहते आणि जाते.

फोटो टाकताना तालुका लिहा, गाव नको. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर जागा धूसर ठेवण्याचा पर्याय निवडा. मोबाइलच्या फोटोतच अक्षांश-रेखांश दडलेले असतात, ग्रुपवर पाठवण्याआधी ते काढून टाका. नेमकी जागा वहीत राहू द्या, आणि ज्या दादाने दाखवली त्याच्याकडे.

शेवटचा फेरा ऑक्टोबरमध्ये करा, दिवाळीतल्या अस्तंब्याच्या यात्रेची लगबग सुरू व्हायच्या आधी. गवत पिवळं पडलेलं असतं, फुलं गेलेली असतात, म्हणून या वेळी कुणी जात नाही. तुमच्या संशयित झाडावर किती फुलं होती हे वहीत लिहिलेलं असेलच, आता शेंगा मोजा. शेजारच्या दोन्ही पालकांच्याही मोजा. पालकांच्या शेंगा भरदार आणि मधल्या झाडाच्या सगळ्या चपट्या, रिकाम्या असतील तर ते वहीत ठळक लिहा, संकरांत हे पुष्कळदा घडतं. शेंगा भरलेल्या असतील तर एकाही शेंगेला हात लावू नका. झाडापासून दोन हात लांब एक दगड खूण म्हणून ठेवा आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कारण पुढच्या जुलैत गवत कमरेएवढं असेल आणि ओळखीचं काहीच दिसणार नाही.